मुहूर्ताच्या वेळी भाऊ मागच्या दाराशी

लग्नाच्या कार्यालयात शिरल्यावर फोटोग्राफर आधी कुठे जातो? कुणी नवरीच्या खोलीकडे जातो, कुणी स्टेजवरचे दिवे बघतो. आमचे भाऊ थेट भटारखान्यात जायचे. तिथे एखाद्या उलट्या डब्यावर बसून आचाऱ्याची विचारपूस करायचे, सांबारवडी, म्हणजे आमच्याकडची कोथिंबिरीची वडी, मागून घ्यायचे, वरणाची चव बघायचे. "उपाशी माणसाचा हात हलते," हे त्यांचं लोकांना सांगायचं कारण. मला मात्र तिसऱ्या-चौथ्या लग्नात त्यांनी वेगळं सांगितलं. "घर कसं आहे ते स्टेजवर नाही दिसत वं. आचाऱ्याशी कोण कसं बोलते ते पाहून ठेव. जो आचाऱ्यावर ओरडते ना, तोच ग्रुप फोटोत मधात घुसते." मी दोन हंगाम तपासून पाहिलं. एकदाही चुकलं नाही.

मी भाऊंकडे कशी पोचले हे सांगायची मला लाज वाटते. एका वाक्याच्या कौतुकावर मी कायम झालेली नोकरी सोडली. असं वागणाऱ्या मुलीला आमच्या घरात काय म्हणतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नागपुरात धंतोलीतल्या हाडांच्या एका दवाखान्यात मी चार वर्षं एक्स-रे काढत होते. गुडघे, कोपरं, कंबरा. एके दिवशी साठीचा एक बुटका माणूस मान धरून आला. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात कंगवा, दोन सेफ्टी पिना आणि सुईदोरा. मी नेहमीसारखं म्हटलं, "श्वास रोखा, हलू नका."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

"वा! आमच्या धंद्यात असं कोणी ऐकतच नाही."

फिल्म हातात आल्यावर लोक आधी घाबरतात आणि मग डॉक्टरांच्या केबिनकडे बघतात. हा माणूस खिडकीशी गेला, स्वतःच्या मानेचा फोटो उजेडाकडे धरून बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "कोणी काढला हा? लाईट एकदम बराबर आहे."

चार वर्षांत मला हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. मी म्हटलं, "मी काढला." ते म्हणाले, "हात चांगला आहे तुझा." आता खरं सांगायचं तर एक्स-रेत हाताचं काही काम नसतं. यंत्र आपलं आपण सगळं करतं, आपण फक्त बटण दाबून भिंतीमागे पळायचं असतं. पण हे मी त्या दिवशी त्यांना सांगितलं नाही आणि स्वतःलाही सांगितलं नाही. आठवड्याने त्यांचा पत्ता शोधत धरमपेठेत गेले.

चादरींच्या एका दुकानाच्या डोक्यावर, अरुंद जिना चढून गेलं की भाऊंचा स्टुडिओ होता. इतरांच्या काचेतून नवऱ्या हसत असतात. भाऊंच्या भिंतीवर नुसत्या पाठी होत्या. कार्यालयाच्या दाराशी हात जोडून वाकलेल्या बापाची पाठ. ओळीने खुर्च्यांवर बसलेल्या चार म्हाताऱ्यांच्या पाठी. एका नवरीची, ब्लाउजचा हूक तुटला म्हणून सेफ्टी पिन लावलेली पाठ. लग्न ठरलेल्या घरचे लोक जिना चढून धापा टाकत यायचे, भिंत बघायचे आणि विचारायचे, "चेहरे कुठं आहेत?" भाऊ म्हणायचे, "चेहरे अल्बममधी. चेहरा कोणाचाबी निघते. पाठ काढाले माणूस लागते." यावर निम्मे लोक उठून जायचे. उरलेले निम्मे आयुष्यभराचे गिऱ्हाईक व्हायचे.

माझी परीक्षा त्यांनी एका अल्बमवर घेतली. एक मोठा कौटुंबिक फोटो समोर ठेवला आणि विचारलं, "ह्यात कोणाले दुखून राहिलं, सांग."

हे मला येत होतं. "ह्या काकूंचा उजवा खांदा," मी म्हटलं, "आणि हे आजोबा डाव्या पायावर भार नाही देत."

भाऊंनी अल्बम मिटला. "सोमवारी ये."

"पण भाऊ, माझ्याकडे कॅमेरा नाही. मी कधी धरलाच नाही हातात."

"कॅमेरा दुकानात भेटते."

खापरखेड्याला घरी ही बातमी सांगितली तेव्हा बाबा जेवत होते. वीज केंद्रातून निवृत्त झालेला माणूस. आयुष्यभर पाळीप्रमाणे उठला, पाळीप्रमाणे झोपला. त्यांनी घास खाली ठेवला. "चांगलं पंख्याखाली बसून काम होतं," ते म्हणाले. "आता लोकायच्या लग्नात उभी राहशील." आईने माझ्या ताटात आणखी भात वाढला. शेवटी बाबांनी अट घातली. एक हंगाम. एका लग्नसराईत जमलं तर जमलं, नाही तर मुकाट्याने धंतोलीला परत. दवाखान्यातले मोठे डॉक्टर भले होते, जागा तोवर तात्पुरत्या माणसावर चालवू म्हणाले. म्हणजे परतीचं दार उघडं होतं आणि ते उघडं आहे हे घरात सगळ्यांना रोज आठवत होतं.

भाऊंना कुणी 'सर' म्हटलं की ते मागे वळून बघायचे, कोण आलं म्हणून. फोन उचलला की 'हॅलो' नाही, "काय झालं?" असं विचारायचे. लग्न ठरल्याची आनंदाची बातमी द्यायला फोन केलेले बाप त्यामुळे एकदम गडबडून जायचे. भाऊंनी स्टुडिओ बंद केला त्याला आता दोन वर्षं झाली, जिना चढवत नाही म्हणून ते लेकीकडे अमरावतीला असतात. पण फोनवर अजून पहिला शब्द तोच.

लग्नाचं काम घेण्याआधी ते त्या घरी जाऊन चहा प्यायचे आणि एकच प्रश्न विचारायचे, "तुमच्याकडे रुसणारं कोण आहे?" कुठल्या घरात यावर खरं उत्तर मिळणार? हमखास कुणीतरी मोठ्याने म्हणायचं, "छे छे, आमच्याकडे असं कोणी नाही!" भाऊ वहीत त्याच माणसाचं नाव लिहून घ्यायचे. लग्नाच्या दिवशी तो माणूस गाडीत जाऊन बसला की भाऊ आधीच गाडीजवळ उभे असायचे.

ते कधी कुणाला 'हसा' म्हणाले नाहीत. "दात लपवा," म्हणायचे. मग सगळे आपोआप हसायचे. मीही पहिल्याच लग्नात स्वतःची पद्धत काढायला गेले. तीस-बत्तीस माणसांचा ग्रुप, वराकडचे, सगळे फेटे बांधलेले. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तोंडातून सवयीने निघालं, "श्वास घ्या... रोखा... हलू नका." बिचाऱ्यांनी रोखला. मी फोकस शोधत होते. फोकस सापडला, फोटो निघाला, तो बरा आलाय का ते मी पाहू लागले आणि 'सोडा' म्हणायचं विसरले. वराचे एक मामा लालबुंद होऊन खुर्चीवर बसले तेव्हा भाऊ मागून ओरडले, "सोडा गा सगळे, सोडा! पोट्टी नवीन आहे." तो फोटो त्या घराने मोठा करून भिंतीवर लावला. म्हणे, घरातले सगळे इतके गंभीर आजवर कधी दिसले नव्हते.

या धंद्यात ते कसे आले हे मी त्यांना अनेकदा विचारलं. एकदा म्हणाले, कंपाउंडरच्या कामाला गेले होते, तिथे रक्त पाहून चक्कर आली. दुसऱ्या वेळी म्हणाले, एका लग्नात पाहुणे म्हणून गेले असताना फोटोवाल्याचं पोट बिघडलं आणि त्याने कॅमेरा यांच्या गळ्यात अडकवून जी धूम ठोकली, तो परत आलाच नाही. दोन्ही गोष्टी ते सारख्याच गंभीरपणे सांगायचे. तिसरी एक असावी असा माझा अंदाज आहे, कारण एका प्रसंगाबद्दल ते थट्टा करत नसत.

तो प्रसंग म्हणजे मुहूर्त. हॉलभर माणसं स्टेजकडे तोंड करून उभी, मंगलाष्टकं चाललेली, वधूवरांमध्ये अंतरपाट धरलेला. आणि नागपुरातला एक नावाजलेला फोटोग्राफर त्या वेळी स्टेजवर नसायचा. तो मागच्या दाराबाहेर असायचा, नवरीच्या आईजवळ.

मला हे आधी कळेना. आमच्याकडे लग्न म्हणजे पांढरे कपडे, बुद्धवंदना, फुलं. आणि दोन्हीकडच्या आया अगदी पहिल्या रांगेत. "आई बाहेर काय करते?" मी विचारलं. तेव्हा भाऊंनी सांगितलं की पुष्कळ घरांत मुलीचं लग्न लागताना आईने बघायचं नसतं. ती त्या वेळी तुळशीला पाणी घालत असते. आत शेवटचं 'सावधान' होतं, ताशा वाजतो, अक्षता पडतात, ते सगळं तिला बाहेर नुसतं ऐकू येतं. ज्या पोरीसाठी सहा महिने धावपळ केली, तिच्या लग्नाचा नेमका तेवढाच क्षण आईने पाहिलेला नसतो.

"म्हणून मी तिथं असतो," भाऊ म्हणाले. "स्टेजवर पन्नास जण आहेत गा फोटो काढाले. तिच्यापाशी कोणी नाही." बोलण्याच्या भरात ते मलाही पुरुषांसारखं 'गा' म्हणत.

एकदा तर एका कार्यालयाने मागच्या दाराशी प्लास्टिकची तुळस ठेवली होती. भाऊंनी मॅनेजरला बोलावून घेतलं. "ह्या रोपाले पाणी घातलं तर काय होईन?" मॅनेजर म्हणाला, "काही होत नाही सर, वॉशेबल आहे." मंगलाष्टकं सुरू व्हायला दहा मिनिटं असताना भाऊ शेजारच्या बंगल्यात घुसले आणि तिथल्या मालकिणीची खरी तुळस कुंडीसकट उचलून घेऊन आले. आधीच आखडलेली मान त्यानंतर आठवडाभर वळली नाही.

आईचा तो फोटो ते अल्बममध्ये कधी लावत नसत. लग्नानंतर महिन्याभराने एका पाकिटात घालून तिच्या हातात नेऊन द्यायचे. तो दुसऱ्या कुणाला दाखवायचाही नाही. मलासुद्धा नाही.

भाऊंचा आणखी एक नियम होता आणि तो धंद्याच्या दृष्टीने वेडेपणाचाच होता. काहीही पुन्हा करायला लावायचं नाही. आता सगळीकडे गुरुजींनासुद्धा "गुरुजी, एक मिनिट, परत एकदा" म्हणून थांबवतात, हार काढून पुन्हा घालायला लावतात. भाऊ म्हणायचे, "लग्न एकदाच लागते. दुसऱ्यांदा घातलेला हार म्हणजे शाळेतलं गॅदरिंग." निसटलं तर निसटलं म्हणून त्या घरी स्वतः जाऊन सांगायचं. त्यांनी आयुष्यात तीनदा असं सांगितलं होतं आणि त्या तिन्ही घरांची नावं त्यांना पाठ होती.

माझा हंगाम संपत आला होता. तोवर मी पंगती, रुखवत, रुसलेले काका एवढंच काढत होते. एक दिवस भाऊ सहज म्हणाले, "येत्या लग्नात मुहूर्त तुझा." मला रात्रभर झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी मी घरी दोरीवर चादर वाळत घातली, तिच्या एका बाजूला आईला उभं केलं आणि दुसऱ्या बाजूला बाबांना. आईच्या हातात ओढणीचा हार. एका हाताने चादर ओढायची, दुसऱ्या हाताने फोटो. "आमच्या लग्नात असलं काही नव्हतं," बाबा म्हणाले. पण उभे राहिले. तीन संध्याकाळी उभे राहिले. तिसऱ्या दिवशी चादर पडल्यावर ते आईकडे बघून थोडे हसले. हे मी पाहिलं आणि फोटो काढायचा राहून गेला. तेव्हाच मला माझं भविष्य कळायला हवं होतं.

लग्न शहराबाहेरच्या एका लॉनवर, तिथल्या हॉलमध्ये होतं. नवरीचं नाव पल्लवी. तिची आई शाळेत शिक्षिका, शांत बाई, केसात एकच गजरा. मंगलाष्टकं सुरू झाली तशी ती तांब्या घेऊन मागच्या दाराने बाहेर गेली आणि तिच्यामागे भाऊ गेले. मी स्टेजवर, वराच्या शेजारी, भाऊंच्या लाकडी स्टुलावर चढून उभी. शेवटचं 'शुभमंगल सावधान' झालं. अंतरपाट बाजूला झाला.

आणि मी कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला.

बॅटरी संपली नव्हती, कार्ड भरलं नव्हतं, कुणी धक्का मारला नव्हता. मला जे दिसलं ते कॅमेऱ्याशिवाय पाहावंसं वाटलं, एवढंच. भानावर आले तेव्हा हार गळ्यात पडले होते आणि माझ्यासमोर वराच्या मित्रांचे उंचावलेले मोबाईल होते. व्हिडिओवाल्याच्या कॅमेऱ्यातही त्या क्षणी एका काकांचा फेटा सोडून काही आलं नाही, आणि मोबाईलवाल्यांना मिळाले ते एकमेकांचे मोबाईल. पल्लवीच्या लग्नाचा तो क्षण कुणाकडेच नव्हता.

नियमाप्रमाणे मी भाऊंना आणि पल्लवीच्या घरच्यांना तिथेच सांगायला हवं होतं. पण डोळ्यांसमोर बाबांचं ताट आलं, धंतोलीचा तो अंधारा खोलीवजा कोपरा आला. मी घाबरले. भाऊ पंगतीचे फोटो काढत होते तेवढ्यात मी पल्लवीला आणि नवरदेवांना रिकाम्या स्टेजवर नेलं. दोन चुलत बहिणींना अंतरपाट धरायला लावला. गालिच्यावरच्या अक्षता गोळा करून पुन्हा उधळल्या. दोघं हसत होते, त्यांनी हार पुन्हा घातले, मी सात फोटो काढले. त्यातला एक फार सुंदर आला. मला वाटलं, सुटले.

पुढच्याच आठवड्यात भाऊंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे तो अल्बम मीच लावला. पल्लवीची आई तो न्यायला आली. पानं उलटत त्या फोटोपाशी थांबली. बराच वेळ त्यावर बोट ठेवून बसली. "मी तिकडं तुळशीपाशी होती ना," एवढंच म्हणाली आणि अल्बम घेऊन गेली. मी ते कौतुक समजले. घरी जाऊन बाबांना सांगितलंसुद्धा.

भाऊ आले ते एका डोळ्यावर पट्टी बांधून. संगणकासमोर बसले, दुसऱ्या डोळ्याने एकेक फोटो बघू लागले. त्या फोटोपाशी आल्यावर त्यांनी खुर्ची पुढे ओढली.

"वा," ते म्हणाले. "पोरगी मंगळसूत्र घालूनच मांडवात आली."

मी वाकून पाहिलं. हाराच्या आड, नवंकोरं, चकाकतं मंगळसूत्र. हार आधी घालतात, मंगळसूत्र पुष्कळ नंतर. मुहूर्ताच्या फोटोत ते असूच शकत नाही. चार वर्षं दिवसातून पन्नास वेळा मी एक वाक्य म्हणत होते, "गळ्यातलं काढून ठेवा." अख्ख्या आयुष्यात जेव्हा ते म्हणायला हवं होतं, नेमकी तेव्हा मी ते विसरले.

भाऊ रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ड्रॉवरमधून एक बंद पाकीट काढलं. "हे पल्लवीच्या आईले नेऊन दे. अन् तो हाराचा फोटो कसा निघाला, तेबी सांग."

"त्यांना आवडलाय भाऊ. कशाले दुखवायचं?"

"तू कोणाले वाचवून राहिली ते तुलेच माहीत आहे."

"अन् नाही सांगितलं तर?"

भाऊंनी पट्टीवर हात ठेवला. "तर मग धंतोलीले जा. तिथं बरं आहे. तिथं आत जे आहे तेच फोटोत येते."

मी ऑटोत बसून प्रतापनगरला जाईपर्यंत दोनदा ठरवलं की पाकीट द्यायचं आणि परत फिरायचं. पल्लवीच्या आईने दार उघडलं, आत बसवलं, चहा ठेवला. मी पाकीट पुढे केलं. त्यांनी ते सावकाश फोडलं.

फोटोत त्या पाठमोऱ्या उभ्या होत्या. हातातला तांब्या तिरका, त्यातलं पाणी संपलेलं, कुंडी भरून खाली ओघळ गेलेला. तांब्या रिकामा झाला हे त्यांना कळलेलंच नव्हतं. मान वळलेली होती, हॉलच्या अर्धवट लोटलेल्या दाराकडे.

"अगं बाई!" त्या ओशाळल्या. "पाहू नये म्हणतात. मी काही पाहिलं नाही वं. नुसतं दारच दिसून राहिलं होतं."

आता बोलले नसते तर कधीच बोलू शकले नसते. "काकू, अल्बममधला तो हाराचा फोटो खोटा आहे. माझ्याकडून खरा निसटला. नंतर रिकाम्या स्टेजवर काढला तो."

"माहीत आहे मले."

मी मान वर केली.

"मंगळसूत्र मी स्वतः पसंत करून आणलं. ते मले नाही दिसणार?" त्या म्हणाल्या. "अल्बम न्याले आली तेव्हाच दिसलं."

"मग बोलल्या काहून नाही तुम्ही?"

"काय बोलू? पल्लवी सगळ्याइले दाखवून राहिली होती, खुश होती. अन् बोलून खरा भेटणार होता काय मले?"

मला रडू आलं. मी माफीही नीट मागू शकले नाही, नुसतं "चुकलं माझं" असं दोनदा म्हणाले. त्यांनी माझ्यापुढे चहा सरकवला. फोटो मांडीवर ठेवला. मग म्हणाल्या, "तू तर समोरच होती ना वं, त्या वेळी?"

"हाव."

"मग तू पाहिलं असशील."

"पाहिलं."

"सांग मग मले."

मी सांगायला लागले. गुरुजींचा आवाज शेवटच्या कडव्याला बसला होता, ते सांगितलं. अंतरपाट डावीकडे ओढला गेला, त्याचं एक टोक नवरदेवांच्या मुंडावळीत अडकलं, ते सांगितलं. अक्षतांचा एक दाणा पल्लवीच्या पापणीवर बसला आणि तिने तो झटकला नाही. नवरदेव तिच्याकडे बघून हसले, मान पुढे करून उभे राहिले.

"पण ती त्याइच्याकडे पाहूनच नव्हती राहिली, काकू. हार हातात तसाच धरून ती त्याइच्या खांद्यावरून मागच्या दाराकडे पाहून राहिली होती. किती तरी वेळ. सगळे ओरडून राहिले, घाल, घाल. अन् तिची नजर दारावर. तेच पाहत बसली मी. म्हणून फोटो राहिला."

मांडीवरचा फोटो काकूंनी उचलला, त्यातल्या अर्धवट लोटलेल्या दाराकडे पाहिलं आणि पुन्हा खाली ठेवला. पदराने चष्मा पुसला. मग टेबलावरचा मोबाईल घेऊन लेकीला फोन लावला. पलीकडून "बोल आई" ऐकू आलं तशा त्या वर्गावर ओरडावं तशा एकदम ओरडल्या, "काय वं पल्लवी, मुहूर्ताच्या वेळी नवऱ्याकडे पाहाचं सोडून दाराकडे काहून पाहून राहिली होती?"



"तुले कोणी सांगितलं आई?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. डोळे भरले होते, पण आवाज ठणठणीत होता.

"आपली फोटोवाली आहे ना," त्या म्हणाल्या, "तिनं पाहिलं."